नवेगाव बांध : तळ्याकाठचा मुक्काम

नवेगाव बांधचे तळे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे. पूर्ण भरले की त्याचा पसारा सुमारे ११ चौरस किलोमीटरचा होतो. भोवती टेकड्या, टेकड्यांवर साग, ऐन, बीजा, मोह आणि बांबू यांचे जंगल, आणि टेकड्यांच्या मधल्या खिंडी अडवणाऱ्या मातीच्या पाळी. या टेकड्यांना गावकरी ‘सात बहिणी’ म्हणतात. पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला तळे निसर्गाने दिलेले वाटते. पाळींवर झाडे इतकी जुनी झाली आहेत की पाळ कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो हे चटकन कळत नाही. पण हे तळे माणसांनी बांधलेले आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी याने ते बांधले, असे जुने गॅझेटिअर आणि गावची परंपरा दोन्ही सांगतात. पुढे कोलू पाटलाचा कोलासूर देव झाला आणि भोवतीच्या एका टेकडीवर त्याचे ठाणे आले. विदर्भात पाणी अडवणाऱ्या माणसाला देवपण मिळणे फारसे नवलाचे नाही. नवल एवढेच की हा देव कोणत्याही पुराणातून आलेला नाही, गावच्या सातबारातून आलेला आहे.

चार मित्रांनी मिळून दोन-तीन दिवस निवांत राहावे, सकाळी पाण्याकाठी फिरावे, दुपारी झाडाखाली गप्पा माराव्यात, यासाठी नवेगाव बांध गेली पन्नासेक वर्षे प्रसिद्ध आहे. मात्र तळे बांधले गेले ते धानासाठी. पाहुण्यांना मिळणारा निवांतपणा हे त्या शेतीचे जोडउत्पन्न आहे, आणि शेतीसाठी तळ्याची निगा राखणारे हात जिथे थांबले तिथे निवांतपणाही टिकलेला नाही.

पूर्व विदर्भात तळी आणि पश्चिम विदर्भात नाहीत, याचे उत्तर जमिनीत आहे. पश्चिमेचे उदाहरण म्हणून यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेला झरी जामणी तालुका घ्या. तिथे काळी माती, कुठे बेसाल्ट, कुठे चुनखडक. पैनगंगा तालुक्याच्या सीमेवरून वाहते, पलीकडे तेलंगणा. पीक कापूस, तूर, सोयाबीन. कापसाला मुळाशी साचलेले पाणी नको असते. काळी माती स्वतःच पावसाळ्याची ओल धरून ठेवते आणि उरलेले पाणी नाल्यांनी पैनगंगेला जाते. कोलामांचे पोड असो की मोठे गाव, तिथल्या जुन्या आठवणीत विहीर, नाला, झरा येतो. मैलभर पसरलेले तळे येत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात चित्र वेगळे आहे. खाली कठीण, जुना, पाणी सहजासहजी न मुरू देणारा खडक, वर उथळ माती, जमीन चढउताराची, पाऊस पश्चिमेपेक्षा बराच जास्त, आणि पीक धानाचे. धानाला रोवणीच्या वेळी बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी उभे लागते, आणि भाद्रपद-आश्विनात पावसाने ओढ दिली तर लोंबी भरत नाही. त्या पंधरा-वीस दिवसांच्या पाण्यासाठी सगळा खटाटोप. दोन टेकड्यांमधली खिंड मातीने बुजवली की वरच्या रानातले पाणी तिथे थांबते आणि खालच्या बांध्यांना हवे तेव्हा देता येते.

चांद्याच्या गोंड राजांनी या खटाटोपाला राजाश्रय दिला. जो तळे बांधेल त्याला तळ्याखालची जमीन मिळायची; अशा इनामाला तुकूम म्हणत. चंद्रपूर शहरातल्या तुकूम या वस्तीतून वणी-झरीकडची माणसे दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने कितीदा तरी जातात. ते नाव या जुन्या जमीनव्यवहाराचे आहे हे फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. तळी बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा. गोंड राजा काशीयात्रेला गेला असता तिथल्या कोहळ्यांचे काम पाहून त्याने त्यांना आपल्या मुलखात आणले, अशी त्यांची कुळकथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली छापलेल्या ग्रंथात नोंदवली आहे. कथा खरी की रचलेली हा वेगळा प्रश्न. कोहळ्यांनी ऊस लावला, धान लावले, आणि या दोन्हींसाठी तळी बांधली, हे मात्र भंडारा-गोंदियाच्या नकाशावर आजही दिसते. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांहून अधिक जुने मालगुजारी तलाव आहेत, आणि लहान बोड्या वेगळ्याच. बोडी म्हणजे एखाद्या शेतकऱ्याची आपल्या शेतापुरती तळी.

कोहळी जागा कशी निवडत याची लेखी शिकवण नव्हती. ती डोळ्याची आणि पायांची विद्या होती. पावसाळ्यात पाणी कोणत्या वाटेने धावते, कुठे रेंगाळते, कुठल्या मातीत पाय रुततो आणि कुठल्या मातीत घसरतो, हे पाहून पाळीची जागा ठरे. माती जवळचीच, ती टोपल्यांनी वाहून आणायची, थर टाकायचे, माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी तुडवायचे. पाण्याकडच्या अंगाला लाटांचा मार असतो, म्हणून तिथे दगड. पाळीवर झाडे वाढू द्यायची, त्यांची मुळे माती धरतात. आजच्या अभियंत्याला पाळीवरची मोठी झाडे खटकतात, कारण मूळ कुजले की पाण्याला वाट मिळते. तरी तीनशे वर्षांच्या पाळी झाडांसकट उभ्या आहेत, हेही तितकेच खरे.

पाळ बांधून भागत नाही. तळ्याला जादा पाणी सोडून देण्याची वाट लागते आणि हवे तेवढे पाणी काढण्याची सोय लागते. जादा पाण्याच्या वाटेला इथे सलंग म्हणतात. ती पाळीपासून बाजूला, बहुधा खडकाळ जागी ठेवतात, म्हणजे पूर आला तरी पाणी माती न खाता निघून जाते. सलंग चुकली तर पाळ फुटते आणि पाळ फुटली तर खालचे गाव जाते. म्हणून कोहळ्यांच्या सगळ्या कामात सलंगीची जागा ठरवणे सर्वात जोखमीचे. पाणी काढण्याच्या सोयीला तुडुम म्हणतात. पाळीच्या पोटातून बाहेर जाणारी मोरी, आणि तिच्या तोंडाशी एकाखाली एक उतरत गेलेली छिद्रे. प्रत्येक छिद्रात लाकडी खुंटी ठोकलेली. तळे तुडुंब असताना सर्वात वरची खुंटी काढायची. पाण्याची पातळी त्याखाली गेली की पुढची. अशाने पाण्याचा दाब कधी एकदम मोरीवर येत नाही, आणि वरवरचे स्वच्छ पाणी आधी शेताला जाते, तळचा गाळ हलत नाही. खुंटी काढण्याचे काम ठरलेल्या माणसाचे. तो पाण्यात उतरतो, बुडी मारतो, पायाने छिद्र चाचपतो, खुंटी हलवून सैल करतो आणि पाण्याने आत ओढून घ्यायच्या आत हात मागे घेतो. रोवणीच्या दिवसांत ही बुडी म्हणजे पाटाखालच्या सगळ्या शेतकऱ्यांचा जीव टांगणीला. पाटात पाणी आले की तक्रारी सुरू होतात: वरच्याने जास्त घेतले, खालच्याला पोचलेच नाही. त्या तक्रारी मिटवण्यासाठी गावोगावी पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत.

शेतकऱ्याचे तळे पाण्याच्या पातळीत असते, ढिवराचे पाण्याच्या आत. ढिवर समाज तळ्यात मासेमारी करतो आणि शिंगाडा लावतो. मरळ, वाघूर, शिंगूर, मांगूर, बोटरी अशा गावठी माशांची नावे ढिवरांच्या तोंडी असतात. कोणता मासा गाळात राहतो, कोणता वनस्पतींच्या देठांना अंडी चिकटवतो, कोणता पहिल्या पावसात उलटा चढून धानाच्या बांधीत जातो, याचे ज्ञान त्यांच्या घरात चालत आलेले. तळ्याच्या काठच्या उथळ पाण्यात देवधान उगवते, म्हणजे रानटी धान. त्याचे दाणे उपासाला चालतात आणि बदकांनाही आवडतात. शिंगाड्याची रोपे पावसाळ्यात गाळात खोचतात. पाने पाण्यावर गोल पसरतात, फळे पानांखाली लागतात. दिवाळीच्या सुमाराला डोंग्यात बसून एकेक वेल उलटायची, काटे चुकवत फळे तोडायची आणि पुन्हा वेल पाण्यावर सोडून द्यायची. दिवसभर हात पाण्यात असल्याने बोटांची कातडी पांढरी पडते. बाजारात उकडलेला शिंगाडा काळाकुट्ट होऊन येतो, उपासाच्या घरात पीठ होऊन.

हाच शिंगाडा तळ्याचा शत्रूही होऊ शकतो. त्याची देठे-पाने दरवर्षी कुजून तळाशी बसतात, गाळ वाढतो, तळे उथळ होते. यावर तोड काढणाऱ्या एका कारभाऱ्याची गोष्ट नवेगाव बांधपासून फार दूरची आहे, चीनमधल्या हांगझोऊची. मराठी वाचकाला हे शहर २०२३ च्या आशियाई खेळांमुळे माहीत झाले. नागपूरच्या ओजस देवतळेने तिथे तिरंदाजीत तीन सुवर्णपदके मिळवली, बीडच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण जिंकले, ऋतुराज गायकवाडच्या नेतृत्वाखाली क्रिकेटचे सुवर्णही आले. पण चिनी माणसाला हांगझोऊ म्हणजे शी हू, पश्चिमेचे तळे. तीन बाजूंना टेकड्या, एका बाजूला शहर. आकार सुमारे साडेसहा चौरस किलोमीटर, म्हणजे भरलेल्या नवेगाव बांधपेक्षा लहानच. मित्रांना घेऊन चार दिवस राहायला जाण्याचे ठिकाण म्हणून चीनमध्ये हजार वर्षे त्याचे नाव आहे. मंडळी होडीतून फिरतात, टेकडीवरच्या लुंगजिंग गावचा हिरवा चहा पितात, संध्याकाळी काठावर वाऱ्याला बसतात.

हेही तळे शेतीचे. नवव्या शतकात कवी आणि सुभेदार बाय ज्यूयी याने तिथे बांध घातला तो खालच्या शेतांना पाणी मिळावे म्हणून. पुढे १०८९ मध्ये सू शी, म्हणजे सू दोंगपो, तिथे सुभेदार होऊन आला तेव्हा तळे निम्मे गवताने आणि गाळाने भरले होते. त्याने १०९० मध्ये उपसा केला. उपसलेला गाळ टाकायला जागा नव्हती. तेव्हा त्याने तो तळ्यातच उत्तर-दक्षिण रचून सुमारे अडीच-पावणेतीन किलोमीटरचा बंधारा केला, त्यात सहा पूल ठेवले, दोन्ही कडांना झाडे लावली. आज पर्यटक त्याच बंधाऱ्यावरून फिरतात आणि त्याला सू बंधारा म्हणतात. एकदा गाळ काढून काम संपत नाही, हे सू शीला ठाऊक होते. काठचे पाणी त्याने शिंगाडा लावणाऱ्यांना लागवडीला दिले, कारण शिंगाडा लावण्याआधी ते लोक गवत मुळासकट काढतात. त्यांच्याकडून येणारा पैसा पुढच्या उपशाला. पण शिंगाडा आत पसरू नये म्हणून तळ्यात तीन दगडी मनोरे उभे केले: या मनोऱ्यांच्या आत कोणी लावायचे नाही. ते मनोरे पडले, पुढे मिंग काळात नवे बांधले गेले, आणि आता चीनच्या एक युआनच्या नोटेवर त्यांचे चित्र आहे. नोट हाती घेणाऱ्याला ते रमणीय दृश्य वाटते. मुळात ती शिंगाड्याची हद्द होती. कविता आणि पाटबंधारे ही दोन खाती एकाच माणसाकडे असण्याचा योग विदर्भाच्या वाट्याला आला नाही, पण शिंगाड्याच्या हद्दीचा व्यवहार कोणत्याही ढिवराला दुभाष्याशिवाय समजेल.

शी हूला लागून लिंगयिन मठ आहे. चौथ्या शतकात हुइली नावाच्या भारतीय भिक्षूने तो स्थापला, अशी तिथली परंपरा. समोरचा डोंगर पाहून हा भिक्षू म्हणाला की हा तर मगधातला गृध्रकूट, इथे उडून कसा आला. तेव्हापासून त्या डोंगराचे नाव ‘उडून आलेला डोंगर’. तळ्याकाठच्या लेफेंग मनोऱ्याची कथाही सांगण्यासारखी आहे. दहाव्या शतकातला हा मनोरा १९२४ मध्ये कोसळला, कारण त्याच्या विटा औषधी आहेत अशा समजुतीने लोक पायातून एकेक वीट काढून नेत होते. २००२ मध्ये तिथे नवा मनोरा उभा राहिला. २००२ नंतर शी हूभोवतीच्या बागांचे तिकीट शहराने टप्प्याटप्प्याने काढून टाकले, आणि २०११ मध्ये युनेस्कोने तळ्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. तिकीट काढल्याने तोटा होईल असे वाटले होते. माणसे जास्त दिवस राहू लागली आणि शहराचा धंदा वाढला. पाणी स्वच्छ राहावे म्हणून जवळच्या छ्येनतांग नदीचे पाणी गाळून रोज तळ्यात सोडतात. थोडक्यात, हांगझोऊचे निवांत तळे आजही एक चालू पाटबंधारे प्रकल्प आहे.

नवेगाव बांधला पाहुण्यांचे तळे करण्यात वनखात्याचा आणि साहित्याचा वाटा मोठा. १९७५ मध्ये भोवतालचे सुमारे १३४ चौरस किलोमीटर जंगल राष्ट्रीय उद्यान झाले. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही संरक्षित क्षेत्रे जोडून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याआधीच मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला राहिले होते. १९३२ मध्ये सोलापूर या गिरणगावात जन्मलेल्या आणि वाढलेल्या या माणसाला अरण्याची भाषा शिकवणारी माणसे पुष्कळशी इथेच भेटली. त्यांतले अग्रणी माधवराव पाटील डोंगरवार. तळी बांधणाऱ्या समाजातले, पक्षी आणि जंगल यांचे जाणकार. चितमपल्लींच्या लेखनात माधवराव पुन्हा पुन्हा येतात, आणि येतात ते गुरूसारखे, पण वागणूक मित्राची. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’ या पुस्तकांनी पुण्या-मुंबईच्या वाचकाला नवेगाव बांध दाखवले. चितमपल्ली २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. उत्तरेकडच्या नागझिऱ्यालाही एक तळे आहे, विश्रामगृहासमोरच. व्यंकटेश माडगूळकर तिथे राहिले आणि त्यांनी ‘नागझिरा’ हे पुस्तक लिहिले. मराठी माणसाची जंगलात मुक्काम करण्याची कल्पना बऱ्याच अंशी या दोघांच्या पुस्तकांनी घडवली: वीज नसली तरी चालेल, पाणवठा दिसला पाहिजे आणि सोबतीला बोलका वाटाड्या पाहिजे.

तळ्याचे खरे हिवाळी पाहुणे आकाशातून येतात. परिसरातल्या पक्षी अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव दिलेले आहे. थंडी पडली की चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, लालसरी यांचे थवे उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकादंब तिबेट, मंगोलिया आणि चीनच्या छिंगहाय तळ्याकडच्या पठारांवर वीण घालतो आणि हिमालय ओलांडून भारतातल्या पाणथळींवर हिवाळा काढतो. काठच्या पाणवेलींवर कमळपक्षी लांब बोटांनी चालतो, लव्हाळ्यात जांभळी पाणकोंबडी दिसते. सारसाची गोष्ट काळजीची. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. तो धानाच्या बांधीत घरटे करतो, म्हणून त्याचे नशीब शेतकऱ्याच्या फवारणीशी आणि विजेच्या तारांशी बांधलेले आहे. जुने जाणते सांगतात की बदकांचे पूर्वीसारखे थवे आता उतरत नाहीत. त्यातला काही दोष दूरच्या हवामानाचा असेल, पण काही घरचाच आहे: देवधान आणि पाणवनस्पती जिथे गेल्या तिथे बदकांना खायला उरले काय?

मुक्कामाचा दुसरा रंग दिवाळीनंतर येतो. हा सगळा प्रदेश झाडीपट्टीचा. भाऊबीज झाली, धान कापणीला आले की गावोगावी मंडई भरते. गावाची मंडई ज्या दिवशी असेल त्या दिवशी घरोघरी पाहुणे. लेकी-जावई, सोयरे, मुलांचे कॉलेजातले मित्र, मित्रांचे मित्र. दुपारी बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या नाटकमंडळींचे मुख्य ठाणे. तिथून कंपन्या गावोगावी जातात. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतो. मंडपात शेकोट्या, घोंगड्या, पोरे मांडीवर झोपलेली, गाणे आवडले की ‘वन्समोअर’ची आरोळी. ज्याने पुण्यातल्या दोन तासांच्या नाटकाची सवय लावून घेतली आहे त्याने दुपारी झोप काढून ठेवलेली बरी. सकाळी यजमानाच्या घरी भात, लाखोरीची डाळ, भेदऱ्याची चटणी आणि तळ्यातल्या मासळीचा रस्सा. शहरातून आलेल्याला खरा पाहुणचार इथे भेटतो. हॉटेलच्या खोलीत तो मिळत नाही, आणि त्यासाठी या भागात कोणाची तरी ओळख असावी लागते.

ओळखीने येणाऱ्या पाहुण्यांखेरीज परक्या देशातून आश्रयाला आलेले लोकही याच तालुक्यात राहतात. नवेगाव बांधपासून जवळ, गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिबेटच्या पठारावरून निघालेल्या या लोकांना मे महिन्यातला गोंदियाचा उन्हाळा सोसावा लागला. हिवाळ्यात पुष्कळजण लोकरी कपडे विकायला शहरोशहरी जातात आणि लोसारला, म्हणजे नववर्षाला, घरी परततात. प्रतापगडावर महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. तिथेच दर्गाही आहे आणि दोन्हीकडचे भाविक एकाच रस्त्याने चढतात. जवळच गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे, १९७० च्या सुमाराचे. कोलू पाटलाचे तळे आणि सरकारी धरण एकाच दिवशी पाहिले तर पाणी अडवण्याच्या दोन काळांतला फरक डोळ्यांना दिसतो. एकाची पाळ डोंगरात मिसळून गेली आहे, दुसऱ्याची भिंत दुरूनच आपले असणे सांगते.

तळ्यांची पडझड १९५० नंतरची. ब्रिटिशांनी मध्य प्रांतात मालगुजारांना जमिनीचे मालक केले, आणि तळ्यांची डागडुजी त्यांच्या अंगावर आली. मालगुजार वेठ घ्यायचे, जुलूमही करायचे. पण उन्हाळ्यात गाळ निघायचा आणि पाळीवर माती पडायची. जुन्या मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जायलाच हवी होती. मात्र तिच्याबरोबर तळी सरकारजमा झाली आणि प्रश्न उरला: गाळ कोण काढणार? १९५६ मध्ये हा भाग मध्य प्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मोठी तळी पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका मत्स्य सहकारी संस्थेकडे. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की निस्तार हक्काने आम्ही पाणी फुकट घेत आलो, आता पाणीपट्टी कसली? वाद चालत राहिला आणि गाळ साचत राहिला. जे मालगुजाराला टोपली घेऊन जमवता येई ते चार खात्यांना पत्रव्यवहाराने जमले नाही. त्यातच बेशरमची झुडपे काठाने पसरली. कुंपणाला लावलेली ही वनस्पती पाण्यात उतरली की देवधान, कमळ, पाणवेली सगळ्यांना हटवते. तिला जनावर खात नाही आणि मासाही तिच्यात अंडी घालत नाही. त्यावर मत्स्यबीज म्हणून बाहेरचे रोहू, कतला, गवत्या मासा तळ्यात सोडले गेले. गवत्या माशाने उरलेल्या वनस्पती खाल्ल्या, आणि गावठी माशांची विणीची जागाच गेली.

उलटी वाट दाखवणारे काम याच तालुक्यात झाले. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ या संस्थेने ढिवरांच्या सहकारी संस्थांना आणि महिला गटांना बरोबर घेऊन तळ्यांचा हिशेब मांडला: कोणत्या वनस्पती होत्या, कोणते मासे होते, काय गेले. मग उन्हाळ्यात तळे आटले की बेशरम मुळासकट उपटायची, तळाची काही जागा नांगरायची, आणि ज्या तळ्यात अजून शिल्लक आहेत तिथून पाणवनस्पतींचे कांदे आणि मुळ्या आणून चिखलात लावायच्या. हे काम बायका गुडघाभर चिखलात उभ्या राहून करतात. चिखलात खोचलेले मूळ जगेल की नाही हे त्यांना हाताला लागणाऱ्या गाळाच्या घट्टपणावरून कळते. वनस्पती परतल्या तशी मासळी परतली, आणि तिच्यामागून पक्षी. सू शीने हांगझोऊत शिंगाडेवाल्यांना धरून जे केले त्याच्याशी या कामाचे नाते उघड आहे. फरक असा की इथे योजना खालून आली, सुभेदाराकडून नाही. २०१७ मध्ये राज्याने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना सुरू केली, तिच्यातून बऱ्याच तळ्यांचा गाळ यंत्रांनी निघाला आणि शेतात गेला. यंत्राने गाळ भराभर निघतो, मात्र यंत्र देवधानाचे मूळ आणि बेशरमचे मूळ यांत फरक करत नाही. म्हणून कोणत्या तळ्यात जेसीबी घालायचा आणि कुठे फावडे पुरे, हे ठरवताना ढिवरांना विचारले गेले पाहिजे.

झरी जामणी किंवा वणीकडून नवेगाव बांधला जायचे तर मुकुटबन-वणी-घुग्घुस मार्गे चंद्रपूर गाठतात. तिथल्या चांदा फोर्ट स्थानकावरून गोंदियाकडे जाणारी गाडी मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडते, मग वडसा, अर्जुनी आणि देवलगाव. देवलगाव हे नवेगाव बांधचे जवळचे स्थानक. पूर्वी हा नॅरोगेजचा रस्ता होता. रुंद झाल्यावरही गाड्या मोजक्याच, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे. नागपूरहून येणारे रायपूर महामार्गाने साकोली-कोहमारा करून येतात. एके काळी नक्षलवाद्यांच्या भीतीने पर्यटक इकडे फिरकत नव्हते. तळ्याकाठच्या निवासांची कळा तेव्हा बरीच उतरली. आता लोक पुन्हा येऊ लागले आहेत. वाघ पाहायचाच या हट्टाने येणाऱ्याने ताडोबाला किंवा पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वरला जावे. नवेगाव बांध हे पाण्याचे, पक्ष्यांचे आणि पायी फिरण्याचे ठिकाण आहे. मोटरबोटीच्या आवाजाने बदके तळ्याच्या पार टोकाला जातात, तेव्हा पक्षी पाहायचे असतील तर पहाटे पाळीवरून चालणे उत्तम. डिसेंबर-जानेवारी पक्ष्यांसाठी; नोव्हेंबर मंडईसाठी आणि शिंगाड्यासाठी. मंडईची तारीख प्रत्येक गाव आपापली ठरवते, त्यामुळे ती कोणा गावकऱ्याला विचारून मगच दिवस पक्का करावा लागतो. उन्हाळ्यात तळे आटते, ऊन कडक, पण पाणवठ्यावर जनावरे दिसतात आणि गाळाचे काम चाललेले पाहायला मिळते. पावसाळ्यात जंगलातली सफारी बंद असते. गावाला तेव्हा रोवणीची घाई असते आणि पाहुण्यांकडे पाहायला कोणाला सवड नसते.